सातवी ब चे साहिल

पटावर चार साहिल आहेत.
पाचवा होता, त्याचा दाखला जूनमध्ये नेला.
उलव्याला घर घेतलं म्हणाले.

साहिल तांडेल, जेट्टीजवळचा.
साहिल अवचार, रुळांपलीकडचा,
बाप बुलढाण्याहून आला बिगारी म्हणून, आता मुकादम आहे.
साहिल नाखुदा, ज्याच्या डब्यावर
मधल्या सुट्टीत सगळ्यांचा डोळा.
आणि साहिल ग.
वहीवर तो एवढंच लिहितो, गुरव लिहीत नाही.
लाजतो की कंटाळतो, मी विचारलेलं नाही.

साहिल म्हटलं की चार माना वळतात
आणि पाण्याची बाटली भरायला आलेला
सातवी अ चाही एक खिडकीतून डोकावतो.

म्हणून गृहपाठ दिला:
नाव कुणी ठेवलं, कुठून आणलं, घरी विचारून या.

तांडेलच्या आईनं वहीच्या मागच्या पानावर लिहून पाठवलं:
वाशीच्या दवाखान्यात शेजारच्या खाटेवर
मुंब्र्याची एक बाई होती.
तिच्या पोराचं नाव मला लय आवडलं, मागून घेतलं.
ती बोलली, घे ना गं,
नाव काय वाटीभर साखर आहे, परत करायला?

अवचारच्या बापानं टीव्हीवर ऐकलेलं.
कुठल्या मालिकेत, ते आठवत नाही.
हिरो चांगला होता, शेवटी मेला नाही, एवढं नक्की.

ग म्हणाला, आत्यानं ठेवलं.
आत्या आता बोलत नाही आमच्याशी.
वर्ग गप्प झाला. मी फळा पुसला, फळा कोराच होता.

नाखुदाचे आजोबा स्वतःच आले,
कुवेतच्या धक्क्यावर तीस वर्षं क्रेन चालवलेले,
शर्टाच्या खिशात दोन पेनं.
अरबी शब्द हाय, बाई. किनारा.
पण किनारा हा मागाहूनचा अर्थ.
मुळात तीन अक्षरं: सीन, हे, लाम. सहल.

सहल? कधी? कुठं? माथेरान?
पन्नास पोरं बाकांवर उभी.
आजोबा हसता हसता खोकले,
त्यांना पाणी द्यावं लागलं.

सहल म्हणजे घासणं, रे.
कानशीनं लोखंड घासतात, तसं.
पाणी घासत राहतं आणि घासून जे उरतं,
ते साहिल.
घडण बघाल तर अर्थ निघतो घासणारा.
पण भाषेनं तो घासलेल्याला दिला.
असं कधी कधी होतं, म्हणाले,
आणि नातवाकडे न बघता
पेन खिशात सरळ केलं.

संध्याकाळी दिवाळ्याच्या जेट्टीवर गेले.
सुकती होती. चिखलात निवट्या उड्या मारत होत्या,
एक बाई जाळ्यातले काटे वेचत होती.
माझी सोसायटी इथून दिसते,
सात मजले, वर निळी टाकी.
तांडेलचा आजा सांगतो, तिथं आमची खाजण होती,
कोळंबी हातानं गोळा करायचो.
मग डंपर आले, वर्षभर रात्रंदिवस.
म्हणजे माझ्या दारापाशी किनारा
पाण्यानं घासला नाही, मातीनं ढकलला.
अशा किनाऱ्याला अरबीत काय म्हणतात,
आजोबांना विचारायचं राहिलं.

जाता जाता त्यांनी आणखी एक सांगितलं होतं:
तुमचा हजर पण तिकडचाच, बाई.
मूळचा हाज़िर,
तोंडातोंडांत फिरून एवढासा झाला.

आज पट घेतला.
साहिल. हजर.
साहिल. हजर.
साहिल.
ग बाहेर बघत होता, मैदानाकडे,
जिथं काहीच चाललं नव्हतं.
मी पुन्हा हाक मारली.
दुसरेच दोघं बोलले.